मुलांच्या दाढांसाठी एअर अब्रेजन: एअरोटर किती सुटतो?

खाडीकाठ (प्रश्न)

कोकण किनाऱ्यावरच्या जनरल प्रॅक्टिससाठी विचारतोय. ५ ते १२ वयोगटातली मुलं बरीच येतात आणि काम मुख्यतः तीन प्रकारचं असतं: पहिल्या कायमच्या दाढेच्या काळ्या खाचा, दुधाच्या दाढांमध्ये शेजारच्या दाताला लागून असलेली कीड, आणि खोल पोखरलेल्या दुधाच्या दाढा. एअरोटर (हवेवर फिरणारं ड्रिल) सुरू झाला की मूल तोंड मिटतं, म्हणून एअर अब्रेजन, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक पावडरीचा झोत मारून दात कापणारं यंत्र, घ्यायचा विचार आहे.

विक्रेत्याने दोन पर्याय दिलेत. एक चेअरच्या हँडपीस कपलिंगलाच बसणारं छोटं यंत्र, दुसरं पाण्याच्या झोतासह चालणारं स्वतंत्र युनिट. दोघांचं माहितीपत्रक वाचलं तर वाटतं की इंजेक्शन आणि ड्रिल दोन्ही आता अडगळीत टाकायला हरकत नाही. प्रत्यक्षात कोणत्या केसमध्ये भूल न देता काम होतं? पावडर २७ मायक्रॉनची की ५०ची, प्रेशर किती? झोताने पृष्ठभाग खरबरीत होतोच, मग ॲसिड एचिंग (भरण चिकटावं म्हणून दातावर आधी ॲसिड लावणं) वगळता येतं का? आणि पावसाळ्यात इथे मीठसुद्धा डब्यात पाझरतं, तिथे या पावडरीचं काय होणार?

---

दुधाचा_दात (बालदंतचिकित्सा)

डॉक्टर, तुमच्या तीनपैकी एकाच कामाला हे यंत्र खरं उपयोगी आहे: खाचा. बाकीच्या दोन कामांसाठी घेत असाल तर घेऊ नका.

कारण झोताच्या स्वभावात आहे. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा कण कडक पृष्ठभागावर आदळला की तिथला बारीक कपचा उडवतो. किडीने मऊ, ओल्या, चामड्यासारख्या झालेल्या डेंटिनवर (एनॅमलखालच्या थरावर) आदळला की त्याचा जोर तिथेच जिरतो. म्हणजे निरोगी एनॅमल (दाताचं कडक बाहेरचं कवच) भराभर कापलं जातं आणि जी काढायची ती मऊ कीड जागची हलत नाही. तरी झोताचाच हट्ट धरला, तर किडीभोवतीचं चांगलं डेंटिन खोदलं जातं आणि कीड मधोमध बेटासारखी उरते. म्हणून झोताने फक्त दार उघडायचं. आतली सफाई स्पून एक्स्कॅव्हेटरने (चमच्यासारख्या हाताच्या अवजाराने), नाहीतर मायक्रोमोटरवर संथ फिरणाऱ्या गोल बरने (ड्रिलच्या टोकाने).

खाच नुसती साफ करून तळ बघायचा असेल तर २७ मायक्रॉन, ४० ते ६० पीएसआय आणि ०.४ मिमीच्या आसपासचं नोझल. कीड एनॅमलखाली गेली असल्याची खात्री आहे आणि तोंड मोठं करायचंय, तर ५० मायक्रॉन, ८० पीएसआयपर्यंत. दुधाच्या दाढेवर मात्र ५० मायक्रॉन वापरताना हात आखडता ठेवा. तिथलं एनॅमल जेमतेम १ मिमी, त्याखालचं डेंटिनही पातळ, आणि पहिल्या दुधाच्या दाढेत पुढच्या-गालाकडच्या बाजूचं पल्पचं (दाताच्या आतल्या नसांच्या मऊ भागाचं) शिंग अगदी वरपर्यंत आलेलं असतं.

नोझल दातापासून १ ते २ मिमीवर धरा. अंतर वाढलं की झोत पसरतो, कापण्याचा वेग कमी होतो आणि अरुंद खाचेऐवजी बशी तयार होते. उलट नोझल दातावर टेकवलं तर कणांना परतायला वाट राहत नाही आणि टोक तुंबतं. झोत एका जागी रोखून धरू नका, खाचेच्या रेघेवरून फिरवत राहा. २-३ सेकंद झोत, मग धुवा, वाळवा, बघा, पुन्हा झोत. एअरोटरमध्ये बर डेंटिनमध्ये उतरली की हाताला कळतं. इथे हाताला काहीच कळत नाही, सगळा हिशेब डोळ्यांचा. २.५ पटीचा लूप (डोळ्यावर लावायचं भिंग) नसेल तर आधी लूप घ्या, यंत्र नंतर.

क्रम असा ठेवा. खाच ब्रशने आणि पाण्याने साफ करायची, तेलकट पेस्ट वापरायची नाही. रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावायचा; अर्धवट वर आलेल्या पहिल्या दाढेला तो धरून ठेवणारा १४ए क्लॅम्प बसतो, आणि क्लॅम्प हिरडीला चावतो म्हणून तिथे भुलीचा जेल आधी २ मिनिटं लावून ठेवायचा. मुलाला बाजूने बंद असलेला गॉगल. मोठ्या तोंडाचं सक्शन दातापासून सेंटिमीटरभरावर, झोत उसळून ज्या बाजूला जातो त्या बाजूला. साधी थुंकीची नळी या कामाची नाही. आरसा जुना किंवा वापरून फेकायचा घ्या, कारण दोन पेशंटांत तो दुधी काचेसारखा होतो. झोत संपला की १५-२० सेकंद पाण्याने धुणं, मगच एचिंग.

एचिंग वगळता येतं, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. झोताने आलेला खरबरीतपणा आणि ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडने एनॅमलच्या दांड्यांमध्ये उघडणारी सूक्ष्म छिद्रं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या झोतावर लावलेलं सीलंट (खाचा बुजवणारा पातळ थर) कडेने गळतं आणि कडेपासूनच सुटतं. कायमच्या दाढेला १५ ते ३० सेकंद, दुधाच्या दाढेला ३०. दुधाच्या दातावर दांड्या नसलेला एनॅमलचा बाहेरचा थर असतो, तो झोताने निघतो आणि ॲसिडला आतवर काम करता येतं. झोताचा एचिंगला असा हातभार लागतो, त्याची जागा तो घेत नाही. नंतर बाँडिंग, खोदलेल्या भागात फ्लोएबल कॉम्पोझिट (दाताला चिकटणारं पातळ भरण), उरलेल्या सगळ्या खाचांवर सीलंट, आणि शेवटी चावा तपासणं.

भुलीबद्दल: एनॅमल आणि डेंटिनचा वरचा थर, एवढंच काम असेल तर बहुतेक मुलांना इंजेक्शन लागत नाही. कंप नसतो, घासून होणारी उष्णता नसते, हाडातून कानात जाणारी ती घरघर नसते. पण डेंटिन उघडलं की गार कोरडी हवा स्वतःच झोंबते. पाण्यासह चालणाऱ्या युनिटमध्ये ते कमी होतं. मूल एकदा दचकलं की थांबा आणि हाताच्या अवजाराकडे वळा.

आवाजाचंही माहितीपत्रकात अर्धंच सांगतात. झोताचा नुसता फुसफुस आवाज असतो हे खरं, पण शेजारी मोठं सक्शन घोंगावत असतं. ते आधी मुलाच्या तळहाताला लावून दाखवा. झोत एखाद्या जुन्या नाण्यावर दाखवा, नाणं पुसट होताना मुलं डोळे विस्फारून बघतात. तोंडात थोडी वाळूसारखी चरचर लागेल हेही आधीच सांगा, नाहीतर ऐन कामात जीभ रबर डॅमखालून शोध घ्यायला निघते.

---

सुळा

वरचं तंत्र बरोबर आहे, पण त्याआधीचा प्रश्न कुणी विचारला नाही. ती काळी खाच उघडायची कशाला?

काळा रंग म्हणजे कीड नव्हे. खाच वाळवून बघितल्यावर कडेला दुधट पांढरी छटा नाही, खालून राखाडी सावली दिसत नाही, एनॅमल तुटलेलं नाही, बाइटविंग एक्स-रेत डेंटिनमध्ये काही नाही, तर तो नुसता डाग आहे किंवा थांबलेली कीड आहे. एनॅमलपुरत्या, खड्डा न पडलेल्या किडीवर सरळ सीलंट लावायचं, ही अमेरिकन डेंटल असोसिएशन आणि तिथल्या बालदंतवैद्यांच्या अकादमीची २०१६ची संयुक्त शिफारस आहे. बंद झालेल्या किडीला खाद्य मिळत नाही, ती पुढे सरकत नाही. टोकदार प्रोब दाबून ‘अडकतंय का’ बघू नका, तेवढ्यानेच नाजूक एनॅमल फुटतं.

एअर अब्रेजनचा मोठा धोका मला यातच दिसतो. ते सोपं आहे, मूल रडत नाही, आईवडील खूश होतात, आणि म्हणून ज्या दाढेला हात लावायला नको होता ती उघडली जाते. एकदा भरलेला दात आयुष्यभर पुन्हा पुन्हा भरावा लागतो. ७ वर्षांच्या मुलाच्या कायमच्या दाढेबाबत तो हिशेब फार लांबचा आहे. ‘खाचेचा तळ दिसावा म्हणून’ केलेला झोतही एनॅमल नेतोच.

दोन दातांमधल्या किडीसाठी तर तुमच्याकडे यंत्राविना पर्याय आहे. पल्पचा त्रास सुरू झालेला नसेल तर हॉल तंत्र: दोन-तीन दिवस आधी सेपरेटर (दातांत फट करणारं रबरी कडं), मग कीड न काढता, भूल न देता, स्टीलचा तयार क्राउन (टोपी) ग्लास आयोनोमर सिमेंटने बसवायचा. स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंच्या नावाने ते ओळखलं जातं. सहकार्य अगदीच नसेल तर ३८ टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड (कीड थांबवणारं औषध). दात काळा पडणार हे पालकांना आधी दाखवून, लेखी संमती घेऊनच. एअर अब्रेजनने तिथे शिरायला गेलात तर शेजारच्या दाताची भिंत नकळत खरवडली जाते आणि ते महिन्यांनी कळतं. मध्ये धातूची पट्टी घातली तरी झोत वाकडा उसळतो.

जाता जाता एक गंमत. रॉबर्ट ब्लॅक यांनी टेक्सासमध्ये हे तंत्र विकसित केलं, त्यावर १९४५ साली लिहिलं, आणि १९५१ साली एस. एस. व्हाइट कंपनीचं ‘एअरडेंट’ बाजारात आलं. त्या वेळी भरायला चांदी किंवा सोनं. त्यांना काटकोनी भिंती आणि आतून रुंद खड्डा लागायचा, झोताचा खड्डा गोलसर. वर जोरदार सक्शनही घरोघर नव्हतं. मग १९५७ साली बोर्डेन यांचा हवेवर फिरणारा टर्बाइन आला आणि एअरडेंट मागे पडलं. त्या टर्बाइनचं व्यापारी नाव ‘एअरोटर’. आपण आजही रोज तेच नाव घेतो. दाताला चिकटणारं कॉम्पोझिट रुळल्यावर, १९९०च्या दशकात, झोत परत आला.

---

कॉम्प्रेसरवाला (डेंटल उपकरणांची सर्व्हिस)

पावसाळ्याचा प्रश्न राहिला, तो घेतो. या यंत्राच्या तक्रारींत निम्म्याहून जास्त वेळा दोष यंत्रात नसतो, हवेत असतो.

किनाऱ्यावरची दमट हवा कॉम्प्रेसरने दाबली की त्यातली वाफ टाकीत पाणी होऊन साचते, आणि टाकी भरत आली की नळीतून पुढे जाते. पावडरीला तेवढा ओलावा पुरतो. २७ मायक्रॉनची पावडर ५०पेक्षा लवकर गुठळते. लक्षण असं: झोत सलग न येता फुर्र-फुर्र असा तुटक येतो, मग एकदम ढेकूळ सुटतं, मग बंद. त्या ढेकळाच्या क्षणी नोझल दातावर असेल तर नको तेवढा खड्डा पडतो.

उपाय: टाकीचा ड्रेन रोज संध्याकाळी उघडा, जूनपासून दुपारीही. कॉम्प्रेसर ऑइल-फ्रीच हवा. तेलावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरमधून तेलाची वाफ येते, ती पावडर चिकट करते आणि दातावर बसून बाँडिंगही बिघडवते. यंत्राच्या अगदी आधी वॉटर सेपरेटर आणि त्यापुढे ड्रायर बसवा. ड्रायरमध्ये सिलिका जेल असेल तर त्याचा रंग बघायची सवय लावा. पावडर रात्री यंत्राच्या चेंबरमध्ये ठेवायची नाही. दिवसाला लागेल तेवढीच भरा, बाकी घट्ट झाकणाच्या बरणीत, सिलिकाच्या पुडीसह. गुठळलेली पावडर चाळून परत भरू नका, फेकून द्या. दातावरून उडून गोळा झालेली पावडर तर कधीच परत वापरायची नाही. त्यात दाताचा चुरा आणि लाळ असते.

आता प्रेशर. वर ८० पीएसआय लिहिलंय, ते कपलिंगला बसणाऱ्या छोट्या यंत्रात मिळणार नाही. चेअरच्या हँडपीस नळीत साधारण २.५ ते ३.५ बार येतात, म्हणजे ३५ ते ५० पीएसआय. खाच साफ करायला, जुनं कॉम्पोझिट खरबरीत करायला ते पुरतं. एनॅमल उघडायला वेळ लागतो. चेअरचा रेग्युलेटर पिळून दाब वाढवू नका, एअरोटरची बेअरिंगं जातील. ८० हवे असतील तर स्वतंत्र युनिट आणि कॉम्प्रेसरपासून वेगळी लाइन.

छोट्या यंत्राची सगळ्यात नेहमीची चूक: असिस्टंट सवयीने बाकी हँडपीसबरोबर त्यालाही तेलाचा स्प्रे मारते. आत तेल आणि पावडरीची लगदी होते आणि ती सर्व्हिसलाही निघता निघत नाही. त्याच्यावर ‘तेल नाही’ अशी पट्टीच चिकटवा. ऑटोक्लेव्हआधी चेंबर रिकामा करून कोरड्या हवेने पूर्ण फुंकून घ्या, आणि ऑटोक्लेव्हनंतर आतून कोरडं झाल्याशिवाय पावडर भरू नका.

नोझल झिजतं, कारण आतून तीच पावडर जाते. भोक रुंद झालं की झोत पसरतो आणि डॉक्टरांना वाटतं प्रेशर कमी झालं, म्हणून ते वाढवतात. दर आठवड्याला काचेच्या स्लाइडवर १ मिमीवरून १ सेकंद झोत मारून बघा. ठिपका गोल आणि काठ स्पष्ट असेल तर ठीक. लांबट किंवा धुरकट काठाचा असेल तर टोक बदला. नव्या टोकाची स्लाइड तुलनेसाठी जपून ठेवा.

पेडलवरून पाय काढल्यावर काही यंत्रांत नळीतली उरलेली पावडर अर्धा-एक सेकंद येत राहते. तेवढा वेळ नोझल सक्शनकडे वळवलेलं ठेवा, लगेच तोंडाबाहेर काढून असिस्टंटकडे रोखू नका. जवळपास एअरोटर उघडा टांगलेला नको. क्युअरिंग लाइटची काच, लूप, चष्मा कोरड्या कापडाने पुसू नका, आधी पाण्याखाली धरा; ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइडची हीच पावडर) काचेपेक्षा कडक आहे, पुसता पुसता चरे पडतात.

आणखी एक, घेण्याआधी. बाजारात दात पॉलिश करणारी यंत्रंही ‘एअर अब्रेजन’ म्हणून विकली जातात. त्यांत बायकार्बोनेट, ग्लायसिन किंवा एरिथ्रिटॉल भरतात. ती डाग काढतात, एनॅमल कापत नाहीत. अशा यंत्रात ॲल्युमिना भरली तर यंत्र आतून खरवडून निघतं आणि झोतावर ताबाही राहत नाही. चेंबरसाठी ॲल्युमिना चालते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

---

खाडीकाठ

सुळा सर, बरोबर पकडलंत. आता दोन शंका. दम्याच्या मुलांना पूर्ण वर्ज्य समजायचं का? आणि पिवळट-तपकिरी, भुसभुशीत एनॅमलच्या पहिल्या दाढा असलेली मुलंही असतात. त्यांच्यावर झोत चालेल? बायोॲक्टिव्ह काचेच्या पावडरीबद्दलही ऐकतो.

---

दुधाचा_दात

सुळा सरांशी माझं भांडण नाही. मी ‘कीड एनॅमलखाली गेल्याची खात्री’ असं लिहिलं ते त्याचसाठी. ‘तळ बघण्यासाठी झोत’ हे माझं वाक्य मात्र मागे घेते. आधी नीट वाळवून, लूपने बघावं. तरीही ठरत नसेल तर सीलंट लावून ६ महिन्यांनी तपासावं.

दमा: २७ आणि ५० मायक्रॉनचे कण बहुतांशी नाक-घशातच अडकतात, फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत जाण्याइतके बारीक नसतात. पण आदळून फुटलेले कण त्याहून बारीक असतात, आणि धुळीने खोकला सुटायला खोलवर जाण्याची गरजही नसते. दमा किंवा धुळीची तीव्र ॲलर्जी असेल तर मी कोरडा झोत वापरत नाही. त्या दिवशी एक्स्कॅव्हेटर आणि संथ बर. तुमचा आणि असिस्टंटचा मास्क एन९५; दिवसभर ती हवा तुम्हीच घेता.

वर्ज्य गोष्टींत एक अशी आहे जी मोठ्यांच्या दातांवर काम करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. ६-७ वर्षांच्या तोंडात कुठेतरी दात नुकताच पडलेला असतो, कुठे हलत असतो. दाबाची हवा उघड्या जखमेत किंवा हिरडीच्या खोबणीत शिरली तर ती कातडीखाली पसरते. गाल क्षणात फुगतो, दाबलं की कुरकुर लागते. असं झालं तर काम तिथेच थांबवायचं, नाक शिंकरू द्यायचं नाही आणि सूज मानेकडे किंवा डोळ्याकडे जाते का, श्वासाला त्रास होतो का, यावर नजर ठेवून रुग्णालयात पाठवायची तयारी ठेवायची. म्हणून रबर डॅम बसत नसेल तर झोत नाही. दाढेचा मागचा भाग अजून हिरडीच्या पदराखाली असेल तर ग्लास आयोनोमरचं तात्पुरतं सीलंट लावा आणि दाढ पूर्ण वर येण्याची वाट बघा.

जुनं चांदीचं भरण (त्यात पारा असतो) झोताने काढू नका, पाऱ्याची वाफ आणि धूळ दोन्ही उडतात.

भुसभुशीत पहिल्या दाढा, म्हणजे एमआयएच (दात घडतानाच एनॅमल कच्चं राहणं): तिथे झोत हा वाईट पर्याय आहे. या दाढा हवेच्या साध्या फुंकरीनेही ठणकतात आणि इंजेक्शनची भूलही नीट चढत नाही. शिवाय ते एनॅमल सच्छिद्र. झोत कुठे थांबवायचा ते कळत नाही. सौम्य असेल तर फ्लोराइड वार्निश आणि ग्लास आयोनोमर, कोपरे तुटत असतील तर स्टीलचा क्राउन.

बायोॲक्टिव्ह काच ॲल्युमिनापेक्षा बरीच मऊ आहे, एनॅमलपेक्षा फार जास्त कडक नाही. त्यामुळे निरोगी एनॅमलवर ती सावकाश चालते आणि किडीने आधीच कमजोर झालेलं एनॅमल त्यामानाने लवकर नेते. सीलंटआधी खाच साफ करायला किंवा दात सरळ करायच्या तारेची ब्रॅकेट काढल्यावर उरलेला सिमेंट घालवायला चांगली. पण पक्क्या एनॅमलमधून वाट काढायला वेळ खाते, आणि खुर्चीवर ७ वर्षांचं मूल असताना वेळ हाच हिशेब असतो. पावडर महाग आहे आणि प्रत्येक यंत्रात चालत नाही.

---

कॉम्प्रेसरवाला

त्यात भर: दोन्ही पावडरी वापरणार असाल तर चेंबर वेगळे ठेवा, त्यांवर रंगीत टेप लावा. एकाच चेंबरमध्ये काचेनंतर ॲल्युमिना भरली तर तळाशी उरलेलं मिसळतं, आणि हळू कापेल या भरवशावर धरलेला झोत एकदम जोरात कापायला लागतो.

---

खाडीकाठ

कळलं. आधी ड्रायर आणि लूप. छोटं यंत्र एका विक्रेत्याकडून आठवडाभर डेमोला मिळतंय, ते जुलैतच मागवतो.

---

कॉम्प्रेसरवाला

जुलैतच मागवा. डेमोला विक्रेता स्वतःचा ड्रायर जोडून दाखवेल, तो काढायला सांगा आणि तुमच्या लाइनवर सलग १० मिनिटं चालवा. स्लाइडवरचा पहिला आणि शेवटचा ठिपका शेजारी ठेवून बघा.